पन्नाशीनंतर ‘राजीनामा द्या’ म्हणाले तर

गोव्यातले दोन मावसभाऊ आहेत असं समजा. दोघंही बावन्न-त्रेपन्नचे. एकाने ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्ट केला आणि आता इंग्लंडात स्विंडनला एका गोदामात काम करतो. दुसरा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेली चोवीस वर्षं पॅकिंगच्या लाइनवर आहे. दोघांनाही वरून सांगण्यात आलं, की आता तरुण मुलं घ्यायची आहेत, तुम्ही बाजूला व्हा. स्विंडनच्या भावाच्या पाठीशी २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट आहे. कोणत्या कारणांवरून नोकरीत भेदभाव करता येणार नाही याची जी यादी त्यात आहे, तिच्यात वयाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. वेर्ण्याच्या भावाच्या पाठीशी असा कायदा नाही.

हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण पुष्कळांचा समज उलटा असतो. भारतात खासगी नोकरीतल्या वयभेदाला बंदी करणारा स्वतंत्र कायदा आजवर झालेला नाही. अमेरिकेत तो १९६७ पासून आहे आणि चाळिशी ओलांडलेल्यांना लागू होतो. आपल्याकडे वेतन संहितेत स्त्री-पुरुष भेदाला मनाई आहे, २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचं नाव आहे, २०१७ च्या कायद्यात एचआयव्हीबाधितांचं. वय यांपैकी कुठेच नाही. राज्यघटनेच्या कलम १५ आणि १६ मधल्या यादीतही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही.

वकिलाकडे किंवा युनियनच्या माणसाकडे गेल्यावर हे पहिलं वाक्य ऐकलं की बरेच जण तिथूनच परततात आणि कंपनी सांगेल त्या कागदावर सही करतात. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. माणसाला वयामुळे काढतात हे खरं, पण ते कारण कागदावर कधीच येत नाही. कागदावर येतो राजीनामा, नाहीतर बदली, कामगारकपात किंवा ‘कराराची मुदत संपली’. आणि या प्रत्येक वाटेवर कायदा उभा आहे. म्हणून ‘वयभेदाविरुद्ध कोणतं कलम?’ हे विचारण्यापेक्षा ‘मला कोणत्या वाटेने बाहेर काढतायत?’ हे विचारावं. उत्तर तिथे सापडतं.

सरकारी नोकरीत काय

सरकारी नोकरांचं प्रकरण तुलनेने सोपं आहे. सरकार, महामंडळं, सार्वजनिक बँका यांना घटनेचं समानतेचं कलम १४ थेट बांधून ठेवतं. मनमानी करता येत नाही. गोवा सरकारच्या सेवेत निवृत्ती ६० व्या वर्षी. भरतीच्या जाहिरातीत साधारणपणे वय ४५ पेक्षा जास्त नसावं अशी अट असते, आणि अशा वयोमर्यादा न्यायालयं सहसा धोरणाचा भाग म्हणून मान्य करतात. मुदतीआधी सक्तीने निवृत्त करण्याचा अधिकारही सरकारला आहे. केंद्राच्या मूलभूत नियम ५६ जे नुसार वयाची ५० किंवा ५५ वर्षं झाल्यावर सेवेचा आढावा घेता येतो, आणि गोव्याचे सेवानियम बरेचसे केंद्राच्याच धर्तीवर चालतात. बैकुंठनाथ दास प्रकरणात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही निवृत्ती म्हणजे शिक्षा नव्हे, त्यामुळे आधी सुनावणी देणं बंधनकारक नाही. पण निर्णय आकसाने घेतला असेल, त्याला पुराव्याचा आधारच नसेल किंवा तो मनमानी असेल, तर न्यायालय हस्तक्षेप करू शकतं. अशा वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीतल्या खंडपीठात रिट अर्ज हा मार्ग आहे. जुने गोपनीय अहवाल चांगले असूनही नाव यादीत आलं असेल तर तो नक्की विचारात घ्यावा.

१९८१ चं एअर इंडियाचं नर्गेश मिर्झा प्रकरणही इथे आठवतं. हवाई सुंदरींना पस्तिशीत निवृत्त करायचे आणि पुढे मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर असायचं. न्यायालयाने पस्तिशीची अट मुळातच बेकायदा म्हटली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याचा नियम आणि संचालकाचा तो निर्बंध नसलेला अधिकार, दोन्ही रद्द केले. वयाच्या बाबतीत आपली न्यायालयं कसा विचार करतात ते यातून दिसतं. मर्यादा असू शकते, पण ती एका माणसाच्या लहरीवर नको.

खासगी कंपनी: आधी तुम्ही कामगार आहात का ते बघा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता देशभर लागू झाल्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. पुढचं सगळं त्या संहितेप्रमाणे आहे. तुम्हाला त्या तारखेआधी काढलं असेल तर जुना कायदा लागू होतो.

या संहितेचं संरक्षण ‘कामगारा’ला आहे. हातकाम, तांत्रिक काम, कारकुनी, पर्यवेक्षण हे सगळं त्यात येतं. मात्र पर्यवेक्षक असाल आणि वेतन महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त असेल, किंवा मुख्य काम व्यवस्थापकीय असेल, तर तुम्ही बाहेर. इथे एक गोष्ट फार जणांना नडते. कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलं म्हणून कोणी मॅनेजर होत नाही. हाताखाली कोणी नाही, रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, दिवसभर बिलं भरायची किंवा मशीन चालवायची, असं असेल तर कायदा कार्डाकडे नव्हे, कामाकडे बघतो. न्यायालयांनी हे कितीतरी वेळा सांगितलं आहे. गोव्यातल्या हॉटेलांत बढतीच्या नावाखाली अशी पदं मुक्तहस्ते वाटली जातात, तेव्हा रोज प्रत्यक्षात काय करता याची नोंद स्वतःपाशी ठेवा.

खरोखरच मॅनेजर असाल तर मार्ग अरुंद आहे. नेमणूकपत्र हाच तुमचा कायदा. त्यातली नोटीस, त्यातलं निवृत्तीचं वय पाळलं नाही तर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते. नोकरी परत मिळणं मात्र सहसा शक्य नसतं. ग्रॅच्युइटी आणि पीएफ तुमचेही आहेत.

निवृत्तीच्या वयाबद्दल एवढंच, की खासगी क्षेत्रात सगळ्यांना लागू असं एकच वय नाही. नेमणूकपत्र, स्थायी आदेश (म्हणजे कंपनीचे मंजूर सेवानियम) किंवा युनियनशी झालेला करार यात जे लिहिलंय ते खरं. बहुतेक ठिकाणी ५८ किंवा ६० असतं. कागदावर ६० असताना ५८ व्या वर्षी ‘कंपनीचं नवीन धोरण आहे’ म्हणून घरी बसवलं, तर त्यावर वाद उभा करता येतो. नेमणूकपत्राची प्रत घरात नसेल तर आज, नोकरी शाबूत असतानाच, मागून घ्या.

एका सहीची किंमत

आता वेर्ण्याच्या त्या भावाकडे बघू. पगार ३०,००० रुपये धरू, म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता. सेवा २४ वर्षं. त्याला केबिनमध्ये बोलावून सांगतात, ‘राजीनामा द्या, तुमचा सगळा हिशोब चुकता करतो, अनुभवाचं पत्रही चांगलं देतो.’

राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी मिळेल: पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले २४, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार. कंपनी हीच रक्कम मोठेपणाने पुढे करते. पण ती कंपनीची मेहेरबानी नाही. सलग पाच वर्षं सेवा झालेल्या कुणालाही ती मिळतेच, राजीनामा दिला तरी आणि कपातीत काढलं तरी.

राजीनामा न देता कंपनीने कपात म्हणून काढलं, तर त्याखेरीज काय द्यावं लागतं ते बघा. एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचा पगार: ३०,०००. प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार: साधारण ३ लाख ६० हजार. नव्या संहितेप्रमाणे पुनर्कौशल्य निधीतून (नवं काम शिकता यावं यासाठीच्या निधीतून) आणखी पंधरा दिवसांचा पगार, जो कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवा: १५,०००. एकूण ४ लाख ५ हजार. म्हणजे केबिनमधल्या त्या एका सहीची किंमत चार लाखांवर आहे, आणि शिवाय त्या सहीने कपातीलाच आव्हान देण्याचा हक्कही जातो. माणूस आपण होऊन गेला, असं कागद बोलतो.

पेन्शनचा फटका वेगळा. पीएफशी जोडलेलं पेन्शन ५८ व्या वर्षापासून पूर्ण मिळतं. पन्नाशीनंतर लवकर घेता येतं, पण प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापून. त्रेपन्नाव्या वर्षी हातात काही नाही म्हणून घेतलं तर २० टक्के कमी, आणि ते पुढे कधी भरून येत नाही. तग धरणं शक्य असेल तर पेन्शनचा अर्ज लगेच करू नका.

म्हणून पहिला नियम: केबिनमध्ये सही करायची नाही. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणणं हा तुमचा हक्क आहे. बाहेर आल्यावर त्याच दिवशी एचआरला ईमेल करा, किंवा साध्या कागदावर लिहून आवक शिक्क्यासह द्या. मजकूर एवढाच पुरतो: ‘आज दिनांक अमुक रोजी मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. मी राजीनामा देऊ इच्छित नाही. मी कामावर हजर आहे व राहीन.’ वकिली भाषेची गरज नाही. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर कामावर जा. गेटवर अडवलं तर तेही वेळेसह लिहून कळवा, नाहीतर ‘हा आपणच यायचा बंद झाला’ असं दाखवलं जातं. डी. के. यादव प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गैरहजेरीचं कारण देऊन, बाजू मांडायची संधी न देता नाव पटावरून काढून टाकता येत नाही.

सही आधीच करून बसला असाल तर? राजीनामा पुढच्या तारखेपासून लागू होणार असेल, तर ती तारीख येण्याआधी तो मागे घेता येतो. सेवानियमांत वेगळं काही नसेल तर न्यायालयांनी हे मान्य केलं आहे. तेव्हा एक दिवसही न दवडता लेखी कळवा. दबाव टाकून घेतलेला राजीनामा खरा राजीनामा नव्हे असंही मांडता येतं, फक्त दबाव सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. त्या दिवसांतले व्हॉट्सॲप संदेश पुसू नका, फोनही बदलू नका.

शेवटी आला तो आधी जाईल

कपातीच्या कायद्यात एक कलम आहे, जे माझ्या मते आपल्या देशातलं वयभेदाविरुद्धचं सगळ्यात बळकट शस्त्र आहे, जरी त्यात वयाचा शब्दही नाही. एकाच प्रकारच्या कामावरच्या लोकांतून कुणाला कमी करायचं असेल, तर साधारणपणे जो सगळ्यात शेवटी लागला त्याला आधी कमी करायचं. जुन्याला काढून नव्याला ठेवायचं असेल तर मालकाने त्याची कारणं लेखी नोंदवायला हवीत. हे १९४७ च्या कायद्यात होतं, नव्या संहितेतही कायम आहे.

याचा अर्थ काय? चोवीस वर्षांची सेवा असलेला घरी आणि दोन वर्षांपूर्वी लागलेला त्याच लाइनवर, असं दिसलं की मालकाला उत्तर द्यावं लागतं. ‘आम्हाला तरुण टीम हवी’ हे उत्तर कामगारांचे वाद ऐकणाऱ्या औद्योगिक न्यायाधिकरणासमोर टिकणं कठीण. म्हणून कपातीचं पत्र मिळताच आपल्या विभागाची ज्येष्ठता यादी लेखी मागा आणि तुमच्यानंतर लागलेले कोण अजून कामावर आहेत ते लिहून काढा. तीच तुमची केस. शिवाय कपातीनंतर वर्षभरात त्याच कंपनीने पुन्हा भरती काढली तर कमी केलेल्यांना आधी संधी द्यावी लागते, तेव्हा जाहिरातींवर नजर ठेवा. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात तर सरकारची आधी परवानगी घेतल्याशिवाय कपातच करता येत नाही.

मग कंपन्या दुसऱ्या वाटा शोधतात. एक म्हणजे बदली. गोव्यातल्या औषध कारखान्यांतल्या माणसाला हिमाचलातलं बद्दी हे नाव चांगलं ठाऊक असतं. पन्नाशीतल्या माणसाला, ज्याचे आई-वडील आजारी आहेत, मुलगी बारावीला आहे, त्याला बद्दीला पाठवलं की तो आपणच राजीनामा देईल हा हिशोब त्यामागे असतो. बदलीची अट नेमणूकपत्रात असली तरी धोरणाचं नाव सांगून आकसाने केलेली बदली ही कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हणून नोंदलेली आहे. छळाच्या हेतूने किंवा उघड खोटं कारण देऊन काढणं आणि गुणवत्ता सोडून एका गटाला झुकतं माप देणं हेही त्याच यादीत आहे, आणि त्यासाठी दंडाची तरतूद आहे.

दुसरी वाट जास्त गोड बोलून येते: ‘कायम नोकरी सोडा, आम्ही तुम्हाला दोन वर्षांच्या मुदतीवर पुन्हा घेतो, पगार तोच.’ मुदतीच्या नोकरीत वेतन आणि सवलती कायम कामगाराइतक्याच द्याव्या लागतात, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीही. पण मुदत संपल्यावर नूतनीकरण केलं नाही तर ती कपात मानली जात नाही. म्हणजे भरपाई नाही, ज्येष्ठता नाही, शेवटी आला तो आधी जाईल हे संरक्षणही नाही. हॉटेलांत पावसाळ्याच्या तोंडावर असे कागद पुढे येतात. पन्नाशीच्या आसपास हा बदल स्वीकारणं म्हणजे सगळी कवचं उतरवून ठेवणं आहे.

जिथे वयाबरोबर आणखी काही असतं

रिसेप्शनवरच्या चाळिशीतल्या बाईला मागच्या स्टोअरमध्ये पाठवतात, आणि तिच्याच वयाचा पुरुष समोर तसाच उभा असतो. हा नुसता वयभेद राहत नाही. स्त्री-पुरुष भेद होतो, आणि पगारातल्या व भरतीतल्या अशा भेदाला मनाई करणाऱ्या वेतन संहितेच्या कलम ३ चा आधार मांडून बघता येतो. तक्रारीत हे वाक्य सुरुवातीलाच यायला हवं. गुडघे, दृष्टी, ऐकू येणं यांवर बोट ठेवून काढत असतील आणि ते अपंगत्वाच्या व्याख्येत बसत असेल, तर २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा लागू होतो. भेदभावाचं नाव असलेला कायदा हाताशी असेल तर तोच पुढे करा.

भरतीत मात्र हात रिकामे

इथे खोटा दिलासा देणार नाही. ‘वय १८ ते २८’ अशी खासगी जाहिरात बघून अर्जच करता आला नाही, तर त्याविरुद्ध आज फारसं काही करता येत नाही. याची सगळ्यात कडू चव गोव्याच्या खाणभागाने चाखली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा बंद. डिचोली, साखळी, सावर्डे भागातले चाळिशी-पन्नाशीचे लोक एका झटक्यात रिकामे झाले. २०२२ च्या डिसेंबरपासून पट्ट्यांचे लिलाव होऊ लागले, पण पट्टा नव्या मालकाकडे गेला की जुन्या कामगाराचा पुन्हा कामावर घेण्याबाबतचा अग्रहक्क त्याच्यावर आपोआप चालत नाही. ज्यांनी पंचवीस वर्षं या मातीत मशीन चालवली, त्यांनाच ‘वय जास्त’ म्हणून परत पाठवता येतं, आणि कायदा गप्प राहतो. ही उणीव विधिमंडळाने आणि संसदेने भरायची आहे. लिलावाच्या अटींमध्ये स्थानिक जुन्या कामगारांना प्राधान्य लिहून घेणं सरकारला अशक्य नाही.

कुठे जायचं, किती दिवसांत

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायला हवी. नोकरी चालू असताना आधी तिथे लेखी अर्ज द्या. समितीने ३० दिवसांत निर्णय देणं अपेक्षित आहे. नोकरीवरून काढलंच असेल तर कामगार आयुक्तालयात समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा. मुख्य कार्यालय पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात आहे, मडगावच्या बाजूच्यांना तिथलं कार्यालय सोयीचं. खाण, मुरगाव बंदर, बँका यांतल्या कामगारांनी मात्र केंद्र सरकारच्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे जायचं. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिल्याने महिने वाया जातात.

समेटाच्या बैठकीत वकील चालत नाही. तुम्ही स्वतः किंवा युनियनचा प्रतिनिधी. अर्ज केल्यापासून ४५ दिवस झाले तरी तोडगा निघाला नाही, तर कुणाच्या परवानगीची वाट न बघता थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं. काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत ते करायला हवं. जुन्या कायद्यात ही मुदत तीन वर्षं होती, त्यामुळे जुनी माहिती धरून बसू नका.

तसंच, पुण्या-मुंबईच्या कामगारांनी दिलेला सल्ला वाचून ‘एमआरटीयू-पीयूएलपी खाली तक्रार करू’ असं ठरवून काही जण येतात. तो १९७१ चा कायदा महाराष्ट्राचा आहे. गोव्याला तो लागू नाही.

शेवटचा पगार नोकरी संपल्यापासून दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत मिळायला हवी. ही रक्कम घेतली म्हणून कपातीला आव्हान देता येत नाही असं नाही. फक्त पावतीवर ‘माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही’ असं छापलेलं असेल तर त्याखाली ‘हक्क राखून स्वीकारले’ असं हाताने लिहा आणि मग सही करा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ बघा: औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या अर्जावर हे काम होतं. जाताना नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि काढल्याचं पत्र बरोबर न्या.